पेल्टनसाहेब भिंतीवरून उतरले

१

शुक्रवारी सकाळी शिरूर अनंतपाळच्या गुरुपादप्पा वाचनगृहात पाच-सहा माणसं एका भिंतीकडं टक लावून बघत होती, आणि भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

एक खिळा होता, आणि खिळ्याखाली पांढरा चौकोन. बाकीची भिंत साठेक वर्षांच्या धुळीनं आणि उदबत्तीच्या धुरानं पिवळी पडलेली. बुधवारपर्यंत त्या चौकोनात जोसाया पेल्टन नावाचे एक जुने अमेरिकन वकील राहत होते. काळा कोट, गळ्याशी पांढरी चुणीदार पट्टी, डोक्यावर पांढऱ्याशुभ्र केसांचा टोप, आणि चेहऱ्यावर उलटतपासणी संपल्याचं समाधान. आता ते नव्हते.

"काका, कुलूप शाबूत. खिडक्यांना गज. किल्ली एकच, ती अश्वजितकडं," वाचनगृहाचे अध्यक्ष अमरेश म्हणाले. "आता तुम्हीच सांगा, साहेब काय चालत गेले?"

हे 'काका' म्हणजे ईश्वरप्पा, कोर्टाचे निवृत्त बेलिफ. समन्स घेऊन गावोगाव फिरायचं आणि ज्याला सापडायचं नसतं त्याला शोधून काढायचं, यात त्यांची हयात गेली होती. बाहेरून कडी लावलेल्या घरात माणूस आहे की नाही, हे ते अंगणातल्या कुत्र्याच्या चेहऱ्यावरून सांगत. पोलिसांत गेलं तर पेपरात येईल म्हणून अमरेशनी पोलिसांऐवजी त्यांना बोलावलं होतं. पेपरात यायला अमरेशची ना नव्हती. पण जिल्हा परिषदेचं तिकीट जाहीर व्हायचं होतं, आणि आत्ता यायचं ते फक्त फोटोसकट आणि हसत.

पेल्टनसाहेबांचं चरित्र शिरूरात शाळकरी पोरांनाही पाठ. अमेरिका नुकती स्वतंत्र झालेली, तेव्हाचा हा शेतकऱ्याचा मुलगा. एका वकिलाच्या कचेरीत झाडू मारता मारता तिथलीच पुस्तकं वाचून वकील झाला. घोड्याला पिशव्या बांधून या कोर्टातून त्या कोर्टात हिंडायचा आणि खटला लढण्याआधी तो मिटतो का, ते बघायचा; त्यामुळे त्याला मान पुष्कळ होता आणि खटले कमी होते. मग विधिमंडळात निवडून गेला. ज्याच्या नावावर जमीन नाही त्यालाही मत पाहिजे, असं तिथं उभं राहून म्हणाला. त्याचाच पक्ष त्याच्यावर उलटला आणि पुढच्या निवडणुकीत तो पडला. सोमवारी त्यानं कचेरीवर परत पाटी लावली. पुन्हा उभा राहिला, पुन्हा तेच बोलला, पुन्हा पडला. म्हातारपणी तो कायदा झाला, तेव्हा मंजूर करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, कारण त्या खेपेलाही तो पडलेलाच होता.

अमरेशचे आजोबा अ‍ॅडव्होकेट गुरुपादप्पा हैदराबादेत वकिली शिकत असताना त्यांच्या हाती हे चरित्र लागलं आणि ते बिघडले. परत आल्यावर त्यांनीही खटले मिटवले, तेही एकदा आमदार झाले, त्यांनीही स्वतःच्या पक्षाला सभागृहात अडचणीचा प्रश्न विचारला, आणि तेही व्यवस्थित पडले. वाचनगृह काढलं तेव्हा समोरच्या भिंतीवर पेल्टनसाहेबांचं तैलचित्र लावलं. पुढं ते स्वतः गेले, तेव्हा त्यांचा फोटो शेजारीच लागला.

आणि आता उद्या, शनिवारी, डॉक्टर हॅरिएट कोल नावाच्या विदुषी थेट अमेरिकेहून हे चित्र बघायला येणार होत्या. चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर अमरेश मोठे, पेल्टनसाहेब मध्यम आणि डॉक्टर कोल लहान होत्या.

ईश्वरप्पा खिळ्याकडं बघत नव्हते. ते शेजारच्या फोटोकडं बघत होते. गुरुपादप्पांच्या फोटोला चंदनाच्या चोयट्यांचा जुना हार होता आणि त्यावर झेंडूचा ताजा हार होता.

"हा झेंडूचा कुणाचा?"

"पेल्टनसाहेबांचा," अश्वजित म्हणाला. चाळिशीचा हा माणूस वाचनगृह उघडायचा, झाडायचा, पुस्तकं द्यायचा, आणि इतकी वर्षं तात्पुरता होता. "बुधवारी म्याच घातला व्हता."

"म्हंजी चोरानं तो काढला, आन टाकला न्हाई. शेजारी घातला."

"चोराचे संस्कार नंतर बघू," अमरेश म्हणाले. "उद्या बाराला पाहुण्या येणार. दहाला कमिटीची बैठक आहे. तिच्यात अश्वजितला कायम करायचा ठराव आहे. चित्र मिळालं तर ठराव, नाही मिळालं तर फिर्याद. किल्ली ज्याच्याकडं, नाव त्याचं. मी तरी दुसरं काय करू?"

अश्वजित काहीच बोलला नाही. ईश्वरप्पांना त्याचं तेच खटकलं. खरा चोर शपथ घेतो आणि खोटा आळ आलेला माणूस शिव्या देतो. गप्प बसणारा माणूस त्यांनी नोकरीत फार कमी वेळा पाहिला होता, आणि दर वेळी घरात दुसरंच कुणीतरी लपलेलं निघालं होतं.

२

चोरी कधी झाली, हा प्रश्नच नव्हता. गुरुवारी येळवस होती.

मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूरकडं गावात राहतं कोण? सगळा तालुका शेतात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, त्यांना जेवू घालायचं आणि मग दिसेल त्याला ओढून जेवायला बसवायचं. सगळ्या शेंगभाज्यांची भज्जी, ताकातलं आंबिल, बाजरीचे उंडे, खीर. ज्याला शेत नाही तो दहा शेतांत जेवतो. त्या दिवशी बाजारपेठेतून हत्ती चोरून नेला तरी बघायला कुणी नसतं.

ईश्वरप्पांनी अश्वजितला बसस्टँडसमोर चहाला बसवलं.

"काल कुठं व्हतास?"

"अमरेशभाऊच्या शेतात."

"जेवलास?"

"पोटभर. भज्जी लई झकास झाली व्हती. आंबिल तर दोन तांबे पिलो."

"मला दिसला न्हाईस. म्या बी तिथंच व्हतो की."

"गर्दी कमी व्हती का, काका?" अश्वजितनं कप खाली ठेवला. "येऊ का? पेपर लावायचेत."

त्याच्या मागोमाग सुदर्शन आला. आला कसला, बोलावल्याशिवाय येऊन बसला. हा बांधकामाचा गुत्तेदार आणि अमरेशचा जुना विरोधक. वाचनगृह पाडून तिथं दुकानांचं संकुल बांधावं, ही सूचना तो दर वर्षी करायचा.

"माझंच नाव घेऊन राहिले असतील ना?" तो खुशीत म्हणाला. "काका, ते चित्र नेऊन मी करू काय? घरी लावलं तर बायको म्हणंल, ह्यो कोण पावना, किती दिवस ऱ्हानार?"

"चित्र गेलं की वाचनगृहाची शोभा गेली. शोभा गेली की जागा मोकळी."

"जागा मी दिवसाढवळ्या घेईन, ठराव करून. चोरी कशाला?" सुदर्शन पुढं वाकला. "आन काल मी दिसभर अमरेशच्याच मांडवात व्हतो. विरोधक असलो तरी येळवशीचं बोलावणं मोडता येत न्हाई. पन काका, खरं सांगा. भज्जीत पनीर?"

ईश्वरप्पांनी डोळे मिटले. "शिवा, शिवा."

"लातूरहून केटरर आणला म्हनं! आमच्या बापजाद्यानं भज्जीत वाल घातला, तुरी घातल्या, कवळा हरभरा घातला. पनीर? म्या तीन पंगतींत उभं राहून निषेध केला. विचारा कुनालाबी."

विचारायची गरज नव्हती. तो निषेध ईश्वरप्पांनी स्वतः ऐकला होता आणि मनातून त्याला अनुमोदनही दिलं होतं. सुदर्शन संशयितांच्या यादीतून गळला. ईश्वरप्पा चहा पीत बसले, आणि एकदम थांबले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. आंबिलात मीठ कमी पडलं की वाटतं तसं.

३

दुपारी लातूरहून मंजुश्री वाचनगृहात आली. ही अमरेशची धाकटी बहीण, कॉलेजात इतिहास शिकवायची. पेल्टनवर मराठीत तीच लिहीत होती आणि डॉक्टर कोलना तिनंच बोलावलं होतं.

"दादा बाहेर ओरडतोय," ती म्हणाली. "काल त्या पनीरवरून मी बोलले, तेव्हापासून तसाच ओरडतोय. आजोबा असते तर त्याला शेतातून हाकललं असतं."

"चित्राचं बोल, पोरी."

मंजुश्रीनं दार लोटून घेतलं. "काका, हे दादाला सांगू नका. त्या चित्रामुळं मला आठ दिवस झोप नाही. चोरीला गेलं हे कळलं, तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं."

ईश्वरप्पांनी नुसती मान हलवली. चौकशीत आपण कमी बोललो की समोरचा आपलाही वाटा बोलतो, हा त्यांचा अनुभव होता.

"मी कोलबाईंना कळवलं, आमच्याकडं पेल्टनचं तैलचित्र आहे. त्यांनी लिहिलं, अशक्य आहे. पेल्टन आयुष्यात एकदाही चित्रकारासमोर बसला नाही. त्याचं म्हणणं होतं, विधिमंडळातल्या माणसाचं तोंड बघू नये, त्यानं मत कुठं दिलं ते बघावं. अमेरिकेत त्याचं एकही चित्र नाही. म्हणून तर त्या येतायत! जगातलं एकमेव चित्र बघायला!"

"मग भिंतीवर कोण व्हतं?"

"तेच मला कळत नाही. आणि उद्या त्या सगळ्यांसमोर हाच प्रश्न विचारणार. आजोबांनी गावाला फसवलं, असं होईल ते."

म्हणजे हिच्याकडं कारण होतं, आणि चांगलं भक्कम होतं. पण ईश्वरप्पांना तिच्या हातातला मोबाईल दिसला.

"त्यात फोटू हाय का साहेबाचा?"

होता. गेल्या महिन्यात तिनं जवळून काढलेला. ईश्वरप्पांनी चष्मा पुसला. मोठं कसं करायचं ते तिनं दाखवलं, तेव्हा ते बोटांनी हळूहळू पेल्टनसाहेबांच्या तोंडावरून फिरले. केसांचा टोप. कपाळ. गाल. मग थांबले.

"मंजुश्री, अमेरिकेत तवा पोरांचे कान टोचायचे का?"

"कान?"

"हे बघ."

टोपाच्या पांढऱ्या केसांखाली उजवा कान होता. चित्रकारानं तो मोठ्या निगुतीनं रंगवला होता, आणि कानाच्या पाळीला भोक होतं. बाळपणी बाळी घातली, मोठेपणी काढली की राहतं तसं, थोडं ओघळलेलं.

मंजुश्रीनं कान आणखी मोठा केला.

"साठ वर्षं," ती म्हणाली. "मंत्री आले, न्यायाधीश आले, मी स्वतः यावर दोन लेख लिहिले. कुणालाच कसं दिसलं नाही?"

"दिसलं सगळ्यांला," ईश्वरप्पांनी स्वतःची टोचलेली पाळी चिमटीत धरली. "पन आपल्याकडं ज्याला त्याला हाय. भोक नसतं तर कुनीतरी इचारलं असतं, कान असा का म्हून."

पेल्टनसाहेब अमेरिकन नव्हते. ते इथलेच होते.

४

ईश्वरप्पांच्या बायकोचं माहेर निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. तिचं नाव नागम्मा. नवऱ्यानं सगळं सांगितलं ते तिनं शेंगा फोडत ऐकलं, आणि तिला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटलं.

"ते अश्वजित भज्जी झकास म्हनलं?"

"हाव."

"पनीरची?"

ईश्वरप्पा तिच्याकडं बघतच राहिले. सकाळपासून खटकत होतं ते हेच. कालपासून गावात कुणीही अमरेशच्या जेवणाचं नाव काढलं की पहिला शब्द पनीर. सुदर्शन म्हणाला, मंजुश्री म्हणाली, केस कापणारा म्हणाला, आणि स्वतः ईश्वरप्पांनी झोपेत म्हटल्याचं नागम्मा सांगत होती. त्या मांडवात जेवून पनीरबद्दल गप्प राहणं माणसाला शक्य नव्हतं. अश्वजित तिथं जेवलाच नव्हता.

"मंग ते उपाशी ऱ्हायलं म्हनायचं," नागम्मा म्हणाली.

"येळवशीला? दोन तांबे आंबिल पिल्याचं तोंड खोटं बोलत नव्हतं. भज्जी खरंच झकास असनार. पन दुसऱ्या शेतातली."

मग ते पायरीवर बसून एकेक गोष्ट लावत गेले. कुलूप शाबूत, म्हणजे अश्वजितनं स्वतः उघडलं. झेंडूचा हार काढला, पण भुईवर टाकला नाही, म्हणजे नेणाऱ्याला आदर होता. आणि काढला कशाला? चित्र विकायचं असो, जाळायचं असो, हाराची अडचण कुणाला? हार काढतात तो एकाच वेळी. पाहुण्याचा सत्कार झाला, आता पानावर बसायचं, तेव्हा. गळ्यात हार ठेवून कुणी जेवत नाही.

म्हणजे पेल्टनसाहेबांना कुणीतरी येळवशीला जेवायला नेलं होतं. डोक्यावर शिधा घेऊन सगळं गाव शेताकडं निघालेलं असताना एका टोपल्यात भाकरीच्या फडक्याखाली काय आहे, हे विचारतो कोण?

परक्या मुलखातल्या वकिलाला कुणी असं नेणार नाही. नेईल ते आपल्या माणसाला. चित्र रंगवलं त्या काळात गुरुपादप्पांच्या अवतीभवती असलेलं, आणि आज जिवंत असलेलं कोण? गुरुपादप्पांचं शेत आता अमरेशकडं होतं, आणि जुन्या गड्यांची माणसं असलीच तर त्याच बांधाला असणार.

"अमरेशच्या बांधाला लागून कुनाचं शेत हाय गं?" त्यांनी विचारलं.

नागम्मानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "साखराबाईचं की. येवढुसा तुकडा. तिचा नवरा वकीलसाहेबाकडं सालगडी व्हता. लई लवकर गेलं बिचारं, सापाचं पान लागून."

५

शनिवारी उजाडताच ईश्वरप्पा वाचनगृहात गेले. अश्वजित पांढऱ्या चौकोनाखाली खुर्ची टाकून बसला होता.

"भज्जी साखराबाईची व्हती," ईश्वरप्पा म्हणाले.

अश्वजितनं मान खाली घातली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"तूच. पनीराचं नाव काढलं न्हाईस."

"काका, म्या शब्द दिलाय म्हातारीला. माझं काय व्हायचं ते होऊ द्या, पन तिच्या दारात पोलीस नका नेऊ. ती काल सकाळी आणून देनार व्हती. पहाटं टोपलं घेऊन कोपऱ्यापर्यंत आली बी. तर अमरेशभाऊ मांडववाल्याला घेऊन हितं उभे. तशीच माघारी गेली."

"तुझी नोकरी जाऊन राहिली, ते तिला ठावं हाय का?"

"न्हाई. आन सांगू नका."

ईश्वरप्पांनी आयुष्यात बऱ्याच लोकांना न सांगण्यासारखं सांगितलं होतं. पगार त्याचाच होता. ते थेट शेतात गेले.

कोप अजून उभी होती. तिच्यात पाच दगड, आणि त्यांच्या शेजारी कडब्याला टेकवलेले पेल्टनसाहेब. पुढं साखराबाई बसल्या होत्या. चौऱ्याऐंशीच्या आतबाहेर वय, पण पाठ ताठ.

"ये ईश्वरप्पा. तुला यायला उशीर लागला."

"समन्साचा कागद न्हाई आणला मावशी, कंदी कंदी असाबी येतो." ते मांडी घालून बसले. "वळखलं म्या त्येंला. कानावरून."

म्हातारी हसली. "चितारी देगलूरचा व्हता. नाटकाचे पडदे रंगवायचा. वकीलसाहेबानं त्येला सांगितलं, अमेरिकेचा वकील काढ. त्यो म्हनला, बघितल्याबिगर कसा काढू? तवा समूर आमचं मानूस बैलं पानी पाजून येत व्हतं. साहेब म्हनले, ह्येलाच बसव. त्या पेल्टनाला असलीच मानसं आवडायची. मंग काय. अंगात साहेबाचा कोट, डोक्याला सरकीचा कापूस चिटकवला. हालायचं न्हाई म्हनून बजावलं. ह्येंला शिंका यायच्या." त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्या भाकरी घिऊन गेले, तर वळखलंच न्हाई. परक्या गड्यासमोर यावं तसं डोक्यावरून पदर घेतला."

"फोटू न्हाई का त्येंचा दुसरा?"

"कुठला आलाय. साठ साल लोक त्येंला हार घालून राहिले. मंत्री पाया पडला. म्या आपली दारातून बघायची. एकदा तरी पानावर बसवावं म्हनलं. आता डोळं बी जायला लागलेत." मग एकदम, "तू न्यायला आलास. ने."

ईश्वरप्पांनी चित्राला हात लावला नाही. अश्वजितचा शब्द मोडायचा की नाही, हे त्यांनी कोपीकडं बघत ठरवलं.

"मावशी, तुमाला बी यावं लागंल. चोर म्हनून अश्वजितचं नाव घालून राहिलेत. धाच्या बैठकीत त्येची नोकरी जानार."

साखराबाईंनी दोन्ही हात भुईला टेकले आणि उठायला लागल्या. "आन त्या मुडद्यानं मला सांगितलं न्हाई?"

६

डॉक्टर कोल बाराऐवजी दहालाच आल्या. अमेरिकेत वेळेआधी येण्याची पद्धत असावी, असा सगळ्यांनी समज करून घेतला. त्यामुळे बैठक, सत्कार आणि चौकशी एकत्रच सुरू झाली. मधल्या टेबलावर पेल्टनसाहेब उताणे पडून छताकडं बघत होते.

ईश्वरप्पांनी सगळं क्रमानं सांगितलं. कुलूप, हार, पनीर, कान. पनीराशी अमरेश लाल झाले, कानाशी पांढरे पडले. मंजुश्री एकेक वाक्य इंग्रजीत करून कोलबाईंच्या कानात घालत होती.

"म्हणजे चोरी कबूल आहे," अमरेश म्हणाले. "चित्र साखराबाईंनी नेलं, दार अश्वजितनं उघडलं. भावना समजल्या काका, पण ठराव कसा करू? वाचनगृहाची वस्तू..."

"कुठली वस्तू?"

"पेल्टनसाहेबांचं चित्र!"

"ते हितं कंदीच नव्हतं," ईश्वरप्पा शांतपणे म्हणाले. "अमरेश, समन्सावर एकाचं नाव असंल आन घरात दुसराच निघाला, तर बेलिफ काय करतो? बजावत न्हाई. शेरा मारतो, सदर इसम या पत्त्यावर राहत नाही, आन कागद परत धाडतो. तुझी तक्रार पेल्टनसाहेबाच्या चित्राची. पेल्टनसाहेब ह्या पत्त्यावर ऱ्हात न्हाईत. कंदीच ऱ्हायले न्हाईत."

मागून सुदर्शननं टेबल वाजवलं. "बराबर हाय!" त्याला काय बरोबर आहे हे कळलं नव्हतं, पण अमरेश अडचणीत आलेला त्याला दुरूनही दिसायचा.

अमरेश शेवटी वकिलाचेच नातू. "हे इथलंच कुणी आहे, याला पुरावा काय? टोचलेला कान? कान तर माझाही टोचलाय. ओळखणारा साक्षीदार पाहिजे, आणि त्यानं कमिटीपुढं नाव सांगायला पाहिजे. तसं झालं तर चोरी नाही. नाही झालं तर फिर्याद."

सगळे साखराबाईंकडं वळले.

"कोण आहेत हे, आजी?" मंजुश्रीनं विचारलं.

"आमचं मानूस."

"नाव सांगा."

म्हातारीनं चित्राकडं बोट केलं. "ह्येच की. माज्या धोंडूचा बाप."

"असं चालणार नाही," अमरेश म्हणाले. "नाव पाहिजे."

"नाव कसं घिऊ? नवऱ्याचं?" साखराबाईंचा आवाज चढला. "उभ्या जन्मात घेतलं न्हाई म्या. रेशनच्या बाबूनं इचारलं तवा पोराला पुढं केलं. मतदानाला शेजारनीनं सांगितलं. आन हितं एवढ्या गड्यांत घिऊ?"

ईश्वरप्पांनी नाव सांगून भागत नव्हतं. साखराबाईंच्या नवऱ्याला त्यांनी पाहिलं तेव्हा ईश्वरप्पा स्वतः चड्डीतलं पोर होते, आणि चेहरा आठवत नव्हता. आता या गावात ते तोंड ओळखणारं माणूस एकच होतं, आणि त्याच माणसाला ते नाव घेता येत नव्हतं.

कोलबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मंजुश्रीनं सांगितलं. बाईंनी आणखी काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत, यांच्या नावावर जमीन होती का?"

"जमीन?" साखराबाई म्हणाल्या. "एक ढेकूळ बी नव्हतं. माझा तुकडा मागून झाला. पन मत मातर टाकायचे. वकीलसाहेब पडले त्या साली बी त्येंलाच टाकलं, आन घरी येऊन म्हनले, पडनार गं, पन म्या टाकलं."

हे इंग्रजीत ऐकून कोलबाई उठल्या, टेबलाजवळ गेल्या आणि चित्रासमोर वाकून त्या कानाकडं खूप वेळ बघत राहिल्या. त्यांना आता पेल्टनचं चित्र नको असावं.

"दहा मिनिटं झाली," अमरेश म्हणाले, पण हळू.

साखराबाईंनी अश्वजितकडं बघितलं. तो दाराजवळ उभा होता आणि नको, नको म्हणून मान हलवत होता. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, चित्राकडं पाठ केली, कारण त्यांच्या तोंडावर कसं घेणार, आणि एका दमात म्हणाली,

"कापसाचे केस, अंगात कोट काळा,
शेषेरावांचं नाव घेते, भरलीय वकिलांची शाळा!"

कुणीतरी हसलं, सुदर्शननं शिट्टी मारली, आणि मग सगळं वाचनगृह टाळ्यांनी भरलं. कोलबाईंना भाषांतर मिळायच्या आधीच त्याही वाजवत होत्या. अमरेशनी एकदा सभा पाहिली, एकदा मोबाईलवर चित्रण करणारी माणसं पाहिली, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या आजोबांसारखं तोंड करून म्हणाले, "ठराव वाचा. अश्वजित कायम. कुणाचा विरोध?"

विरोध करायची सवय फक्त सुदर्शनला होती, आणि तो अजून शिट्ट्या मारण्यात गुंतला होता.

अश्वजितनं चित्र उचलून खुर्चीवर चढून खिळ्याला लावलं. खाली पितळेची जुनी पट्टी होती, जोसाया पेल्टन, नामांकित वकील व लोकप्रतिनिधी. ती त्यानं नखानं उचकटली, आणि खाली उभ्या म्हातारीला विचारलं,

"आजी, आता पाटीवर काय लिहू? नाव परत एकदा सांगता का, पूर्न?"

"एकदा घेतलं तेवढं बास," साखराबाई लाजून म्हणाल्या. "म्या न्हाई घेनार आता. तुमी घेत जा."